पडले नव्हते, मासा शोधत होते

महाड
गुरुवार

श्रीमती निशाताई यांस,
सप्रेम जय भीम.

मी पडलेले नाही. हे पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. सोमवारपासून तुम्ही पनवेलहून जी बातमी सोडली आहे (मी पडले, मला अर्धांगाचा झटका आला, माझी वाचा गेली आणि मी जमिनीवर कण्हत होते), ती आता तुडीलपर्यंत पोहोचली आहे. तिच्याच आधारावर तुमचे जावई, म्हणजे माझे चिरंजीव सुशांत, येत्या रविवारी टेम्पो घेऊन मला आणि माझ्या सामानाला उचलून न्यायला येणार आहेत. फोनवर खुलासा करून पाहिला. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि मी जोरात बोलले की तुमची श्रुतिका मागून म्हणते, "आईंचा आवाज जड येतोय ना गं?" म्हणून आता लेखी देते. लेखी मजकुराला मध्येच तोडता येत नाही.

रीत म्हणून आधी तुमची विचारपूस करते. तुमची साखर आटोक्यात असेल, गुडघे चालू देत असतील, आणि नवव्या मजल्यावरचा वारा मानवत असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य दोनदा वाचावे आणि सुशांतला मोठ्याने वाचून दाखवावे.)

आता त्या सोमवारी मी जमिनीवर पालथी का होते, ते सांगते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण या सगळ्याचे मूळ शेवाळात आहे.

हे गेल्यानंतर सुशांतने मला माशांची टाकी आणून दिली ते तुम्हाला आठवत असेल. तुम्हीच रंगीत खडे निवडले होते. टाकी लहान, प्रवासी बॅगेएवढी. आत गप्पी मासे. मी ग्रामसेविका असताना पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत डबक्यांतून आणि टाक्यांतून गप्पी सोडत हिंडले आहे, डासांच्या अळ्या खायला. ते सरकारी गप्पी मळकट असत आणि काम करत. हे रंगीत गप्पी दिवसभर शेपट्या मिरवतात. तरी म्हटले, असू देत. सुरुवातीला मला वाटले की हे मासे मी बघायचे आहेत. मग रोज संध्याकाळी पनवेलहून व्हिडिओ कॉल येऊ लागला, "आई, मासे दाखवा," आणि माझ्या ध्यानात आले की माशांच्या निमित्ताने मला बघायचे आहे. गोळी घेतली का, जेवले का, साडी कालचीच आहे का, हे सगळे त्या टाकीच्या आडून.

टाकी मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे. त्यावरून तुम्हा सर्वांचे माझ्याशी वैर आहे. तिथे ऊन येते, उन्हाने शेवाळ धरते, हे मला कुणी सांगायला नको. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आहे मी, आणि शेवाळाच्या आकृत्या काढून बोटे दुखवून घेतली आहेत. पण दोन हजार एकवीसच्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे. या घरात ज्या वस्तूला मी माझी म्हणते ती त्या रेघेच्या वर राहते: कागदपत्रे, बाबासाहेबांची तसबीर, मिक्सर, आणि आता टाकी. रेघेच्या वर टाकीएवढी सपाट जागा म्हणजे तो एकच कट्टा. यावर आमच्या बिरवाडीच्या प्रवीणने (माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, कारखान्यात असतो तो) मला विचारले होते, "काकी, मासे हायत ना ते? पुरात बुडनार हायत का?" त्याला मी विचारले की एकवीसला बाजारपेठेत गुडघाभर चिखल उपसताना त्या चिखलात जिवंत मासा एक तरी पाहिलास का. पुराच्या त्या पाण्यात मासासुद्धा जगत नाही.

तर काच हिरवी झाली. मला त्याचे वाईट वाटले नाही. चांगला मखमली हिरवा रंग होता. पण कॉलवर तो तुमच्याकडे दिसला, आणि हिरव्या काचेचा पुरावा झाला. श्रुतिका म्हणाली, "आई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या ना." तुम्ही म्हणालात, "डबकंच झालंय हो ताई." आणि सुशांत, ज्याला मी हाताला धरून याच मोरीत दात घासायला शिकवले, तो म्हणाला, "आई, तुला एक टाकी झेपत नाही, घर कसं झेपणार?"

त्या क्षणी मी ठरवले की काच स्वच्छ होईल, आणि टाकी त्याच कट्ट्यावर राहील. मी स्वतः घासली असती, पण तळापर्यंत हात घालायला स्टुलावर चढावे लागते, आणि स्टुलावर न चढण्याचे वचन सुशांतने माझ्याकडून घेतले आहे. (ते मी पाळते. स्टुलाचा पायही मोडलेला आहे.) तेव्हा आत राहून काम करणारा कुणीतरी नेमणे भाग होते.

बाजारात दीपकचे माशांचे दुकान आहे. त्याने मला काळा, ठिपक्यांचा, बोटाएवढा मासा दिला. त्याला ते लोक सकर म्हणतात. "मॅडम, हा सोडला की काचेकडं बघायलाच नको." ते खरे ठरले, काचेकडे बघवेना. सकर काचेला तोंड लावून बसे, पण ते बहुधा विश्रांतीसाठी. त्याने माझी पाणवनस्पती उपटली, दोऱ्यासारखी घाण सगळ्या टाकीभर सोडली, आणि वाढला. असा वाढला की वळताना शेपूट एका काचेला आणि डोके दुसऱ्या काचेला लागू लागले. गप्पी एका कोपऱ्यात दाटीने उभे. मी त्याला बादलीत घालून दीपककडे परत नेला, तर दीपक म्हणतो, "आता एवढा मोठा कोण घेतो मॅडम? सावित्री नदीत सोडून द्या, सगळे तेच करतात." निशाताई, तिथे मात्र माझा तोल सुटला. (रागाचा. पायांचा नाही.) अंगावर चिलखत असलेला तो परदेशी मासा, त्याला आपल्याकडचे कुणी खात नाही, आणि तो आपल्या माशांची अंडी सोडत नाही. सावित्रीने आधीच पुष्कळ सोसले आहे, तिच्यात मी माझा केर टाकणार नाही, असे मी त्याला गिऱ्हाइकांसमोर ऐकवले आणि बादली काउंटरवर ठेवून उभी राहिले. ग्रामसेविकेला उभे राहण्याचा सराव असतो. शेवटी त्याने सकर मागच्या मोठ्या हौदात घेतला.

त्याच्या बदल्यात त्याने सोनेरी, लांबट मासा दिला. हा खास शेवाळ खाणारा, चीनकडचा, असे त्याचे म्हणणे. या माशाने खरोखर काम केले. पहिल्या आठवड्यात एक बाजू चकचकीत. मी खुशीने त्याच्याकडे बघत बसे. मग एके दिवशी त्याने गप्पींसाठी टाकलेला दाणा चाखला आणि काम बंद केले. नोकरीत कायम झाल्याचा हुकूम हातात पडल्यावर काही माणसांत जो फरक पडतो तो मी तीस वर्षे पाहिला आहे, पण माशात पहिल्यांदा पाहिला. नुसता आळस असता तर चालवून घेतले असते. हा गप्पींच्या मागे लागून त्यांच्या अंगाला चिकटू लागला. तोही गेला परत. मला येताना पाहून दीपकने दुकानातला दिवा बंद केला. मी म्हटले, "दीपक, तू मला दिसतो आहेस." त्याने दिवा लावला आणि गोगलगाई घ्या म्हणाला. गोगलगाईंनी पोलादपूरला माझ्या परसातली मिरची खाल्ली आहे. त्यांना मी पैसे देऊन घरात घेणार नाही.

मग मला मळ्या आठवला. तुम्हीही पोलादपूरच्याच, तुम्हाला सांगायला नको: डोंगरातल्या ओढ्यात दगडाला खालून चिकटून बसणारा तो बोटभर करडा मासा. वाड्यांवर लसीकरणाला जाताना ओढा ओलांडायचा, तेव्हा दगडांवर ओरखड्यांसारखे स्वच्छ पट्टे दिसायचे. तिथे मळ्या चरून गेलेला असायचा. आपल्या तालुक्यातला कामसू प्राणी सोडून मी चीनपर्यंत कशाला गेले, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि वरच्या वाडीच्या ठकूबाईला निरोप धाडला. (ठकूबाई म्हणजे जिच्या अनिलच्या वेळी भर पावसात डोलीबरोबर मी चालले होते, तीच. तो अनिल आता मुंबईत गाडी चालवतो.) निरोप असा, की बाईंना मळ्ये हवे आहेत.

पुढच्या बाजाराला ठकूबाई दारात हजर. पदराखालून पानाचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. मळ्ये होते. साफ केलेले, पोट काढलेले, हळद-मीठ लावलेले. "काटं हायत बाई, जपून खावा."

मी म्हटले, "अगं, मला जिवंत हवे होते."

"जित्तं? जित्तं मासं घरात ठेवून करायचं काय? बारसं घालता का काय त्यांचं?"

मी तिला टाकी दाखवली, काच दाखवली, आणि माशाने ती चाटून साफ करायची आहे असे समजावले. ती दारातच बसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग आमच्याकडं या बाई. दगडं लय हायत चाटायची, तुमच्या माशाला बी आन् तुम्हाला बी." माझ्याशी असे बोलण्याचे धाडस पंचायत समितीत कुणाला झाले नव्हते. त्या रात्री मी मळ्ये तळून खाल्ले. (तांदळाच्या पिठीत घोळवून, कोकमाचे आगळ लावून. उत्तम. म्हणजे माझी चव शाबूत आहे, हेही नोंदवून ठेवा. झटका आलेल्यांची चव जाते म्हणतात.)

त्यानंतर तिने जिवंत आणले, दुधाच्या किटलीत, दोन शेवाळलेल्या धोंड्यांसकट. जोडी होती. एक शांत, दुसरा, तिच्याच शब्दांत, "जरा आगाऊ." आणि निशाताई, काय काम केले त्यांनी! सकाळी उठून बघावे तर काचेवर आडवेतिडवे पट्टे, जसे पाटीवरचे कुणी ओल्या फडक्याने पुसले असावे. गप्पींना त्रास नाही, दाण्याकडे लक्ष नाही. सोमवारपर्यंत काच इतकी निवळली की खिडकीबाहेरचा रस्ता टाकीतून दिसू लागला.

म्हणून सोमवारचा कॉल मीच लावला, हे तुम्ही सगळ्यांना सांगायला विसरलात. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मी फोन टाकीशेजारी कट्ट्यावर टेकवून ठेवला आणि म्हटले, "बघा आता काच!" तुम्ही बघितली, आणि पहिला शब्द काय काढलात? "ताई, यात मळ्या एकच दिसतोय."

आगाऊ मळ्या नव्हता. आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे की पाऊस लागला की हे मासे चढणीला लागतात, ओल्या कातळाला छाती चिकटवून धबधबा चढून जातात. मलाही ठाऊक होते. पण समोर कातळ आहे की पनवेलहून आणलेली काच, हे मासा विचारून घेत नाही, एवढे माझ्या डोक्यात आले नाही. तो काच चढून, कट्ट्यावरून, भिंतीवरून खाली उतरला होता. भिंतीवर ओली रेघ होती, पुराच्या रेघेला छेदून खाली गेलेली, आणि ती खाटेखाली शिरत होती.

मी काय केले? जे कुणीही शहाणे माणूस करेल ते. पाण्याचा तांब्या घेतला, बॅटरी तोंडात धरली (हात मोकळे हवेत म्हणून) आणि स्वतःच्या मर्जीने, सावकाश, जमिनीवर पालथी पडून खाटेखाली शिरले. यात "पडले" हे क्रियापद आले तरी तो अपघात नव्हे. त्याच वेळी माझा फोन कट्ट्यावरून घसरून उशीवर आडवा झाला आणि तुम्हाला माझे नुसते दोन पाय दिसू लागले. तुम्ही ओरडलात, "ताई! ताई, काय होतंय?" मी उत्तर दिले, "मासा शोधतेय." पण तोंडात बॅटरी असल्याने तुम्हाला ऐकू आले ते "ऊं ऊं ऊं." त्यावर तुम्ही परत काही विचारलेत का? नाही. तुम्ही फोन कापलात आणि मला सोडून उरलेल्या सगळ्या जगाला लावलात.

परिणाम असा. प्रवीण कारखान्याच्या कपड्यांत, हेल्मेटसकट घरात घुसला. मागोमाग आळीतले लोक. दुसऱ्या दिवशी नारळपाणी आणि मोसंबी यांची रांग लागली. मोसंबी मला चालत नाहीत, ती मी अंगणवाडीत दिली. तुडीलची माझी मावसबहीण तर पांढरी साडी नेसूनच आली. मला ओट्याशी भाकरी थापताना पाहून दारातच थबकली आणि म्हणाली, "विहारात जायचं होतं, म्हणून नेसले." त्या दिवशी पौर्णिमा नव्हती की अमावास्या नव्हती. मी तिला बसवले. भाकरी वाढली. तिने ती जरा निराशेनेच खाल्ली असे मला वाटले.

तेव्हा निशाताई, माझे म्हणणे एकदाच आणि स्पष्ट सांगते. मी पनवेलला येणार नाही. तिथे तुमच्या खोलीत तुमच्या खाटेला काटकोनात माझी खाट टाकायचे ठरले आहे, हे मला प्रवीणकडून कळले. मापे घेऊन झाली म्हणे. या घरातला पुराचा चिखल मी माझ्या हातांनी खरवडला आहे. पुढचा पूर आला तर तोही खरवडीन. आणि ज्या टाकीवरून हे सगळे सुरू झाले तिची काच आज तुमच्या नवव्या मजल्यावरच्या काचेपेक्षा स्वच्छ आहे. टाकीवर आता जाळी आणि जाळीवर खलबत्ता आहे. दोन्ही मळ्ये आत आहेत. पाऊस सरला की ठकूबाई त्यांना ओढ्यावर परत नेऊन सोडेल आणि दुसरे देईल. जन्मभर कुणाला काचेत ठेवायचे नाही असे आमचे ठरले आहे.

थोरांना माझा जय भीम, नातवाला पापा, आणि सुशांतला काहीही नाही.

तुमची विहीण,
प्रियदर्शिनी

ता. क. वर लिहिलेल्यात एक गोष्ट राहिली. प्रवीणच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तो सांगण्याआधी मीच सांगते. मी पडले नव्हते हे खरेच आहे. पण मासा हाताला लागल्यावर, तो तांब्यात टाकल्यावर, मला उठता येईना. गुडघा अडकला. फोन उशीवर, हात पोहोचेना. हाक मारली ती पावसात विरली. मळ्या तांब्यात आणि मी खाटेखाली, असे आम्ही प्रवीणची मोटरसायकल वाजेपर्यंत होतो. तुम्ही जगभर फोन केले नसते तर किती वेळ राहिलो असतो ते मला सांगता येत नाही. त्याबद्दल आभार. हे फक्त तुम्हाला. सुशांतला हे कळले तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

आणखी एक. टेम्पो रद्द करायला सांगू नका. येऊ दे. फक्त तो पनवेलहून रिकामा का यावा? तुमची पेटी, तुमची खाट (भिंतीला सरळ लागेल, काटकोन नको) आणि त्यावर बसून तुम्ही, असा येऊ दे. मी रोजच्या रोज कॉल घेते, मला दिसते: तुम्ही मासे कधी बघतच नाही. "ताई, फोन जरा खिडकीकडं करा," म्हणता, आणि डोंगर दिसला की त्याच्याकडेच बघत राहता. पोलादपूरचे तुमचे घर श्रुतिकाने कुलूप लावून ठेवले आहे. इथून एसटीने जाऊन झाडून संध्याकाळी परत येता येईल. मला उठवायला घरात एक माणूस हवे आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले आहे, दुसऱ्यांदा लिहायला लावू नका. अटी दोन. माशांना दाणा मीच घालणार, आणि मी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही. दुसरी अट तुम्ही पाळणार नाही, हे धरून चालले आहे.

आज प्रवीणच्या हाती दिले ते असे: हे पत्र, पाकीट चिकटवून. श्रुतिकासाठी सुकट, डबा परत यावा. पुढच्या दाराची दुसरी किल्ली, दोऱ्यात ओवून. ती सुशांतने मागूनही त्याला दिलेली नाही, ती निशाताईंच्या हातातच द्यायची.
देणार: प्रियदर्शिनी.
नेणार: प्रवीण. (सही घेतली आहे.)
घेणार: (इथे तुम्ही सही करून कागद रविवारी टेम्पोतून स्वतः घेऊन या.)